आई-बाबांना जर्मनीला बोलावताना: व्हिसाची फाइल कशी बांधायची

माझ्या मुलीचं बारसं २०२२ च्या जुलैत आम्ही श्टुटगार्टच्या दोन खोल्यांच्या घरात केलं. पाळणा सजवला होता, घुगऱ्या केल्या होत्या, आणि माझी आई सांगलीहून मोबाइलच्या पडद्यावर पाळणा म्हणत होती. तिचा व्हिसा महिन्याभरापूर्वी नाकारला गेला होता. दुसऱ्या अर्जावर तो मिळाला आणि ती पोचली, तेव्हा बाळ तीन महिन्यांचं झालं होतं.

ती नाकारलेली फाइल मी अजून ठेवली आहे. आज उघडली की चूक पहिल्या मिनिटात दिसते. त्यात माझ्या पगाराच्या स्लिपा होत्या, नवऱ्याचं नोकरीचं पत्र होतं, घराचा भाडेकरार होता, डॉक्टरांचं प्रसूतीच्या तारखेचं पत्र होतं. आईचा मात्र पासपोर्ट आणि फोटो सोडला तर एकही कागद नव्हता. गावातल्या एजंटने सांगितलं होतं, ‘मुलगी तिकडे आहे ना, मग तिचेच पेपर लागतात.’ आम्ही ऐकलं.

व्हिसा अधिकाऱ्यासमोर दोन प्रश्न असतात. या बाईंचा खर्च कोण करणार? आणि या बाई परत का जाणार? पहिल्याचं उत्तर आम्ही बारा कागदांनी दिलं होतं, दुसऱ्याचं एकाही नाही. बाबा सांगलीतच राहणार होते, घर, शेत, पेन्शन सगळं तिथेच होतं. पण ते आम्हाला माहीत होतं, फाइलला नव्हतं. तेव्हापासून मी घरच्यांच्या आणि मैत्रिणींच्या आई-वडिलांच्या बऱ्याच फाइली बांधल्या आहेत. हा लेख त्यावरून लिहिते आहे. उदाहरण जर्मनीचं आहे, पण शेंगेनचे, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचे, मूळ नियम सगळीकडे तेच असल्याने फ्रान्स, नेदरलँड्स किंवा इटलीतल्यांनाही बराचसा भाग लागू पडेल.

आधी हे पक्कं करा

मुलांना भेटायला येणाऱ्या आई-वडिलांना लागतो तो शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा, ‘सी’ प्रकारचा. तो २९ देशांत चालतो. त्यात स्वित्झर्लंड आणि नॉर्वे येतात, १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरियाही पूर्णपणे आले आहेत. आयर्लंड, सायप्रस आणि ब्रिटन येत नाहीत. लंडनला मावशी आहे म्हणून तिकडे चक्कर मारायची असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, आणि जर्मनीत परत शिरायचं तर शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा.

अर्ज ज्या देशात सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस सारखेच असतील, तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. ‘फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, तिथून काढू आणि तीन महिने जर्मनीत राहू’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देऊ नका, घेऊ नका. अर्जात एक आणि प्रवासात दुसरंच, हे सीमेवर उघड झालं तर आई-बाबांना तिथे एकट्याने उत्तरं द्यावी लागतात.

मुदतीचा नियम असा: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. उतरण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. ‘तीन महिने’ म्हणजे ९० दिवस नव्हे, आणि इथेच लोक फसतात. १० एप्रिलला उतरलेल्या माणसाचा ९०वा दिवस ८ जुलै असतो, १० जुलै नाही. सलग ९० दिवस राहून ८ जुलैला निघाल्यास पुन्हा प्रवेश ७ ऑक्टोबरला करता येतो, त्याआधी नाही. वर्ष बदललं म्हणून हिशेब नव्याने सुरू होत नाही. कॅलेंडरवर पेन्सिलने दिवस मोजा आणि मगच तिकिटाच्या तारखा ठरवा.

‘आई-बाबांना कायमचंच इकडे आणता येईल का?’ हे विचारणारे बरेच भेटतात. १ मार्च २०२४ नंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून जर्मनीचा निवास परवाना पहिल्यांदा मिळाला, त्यांना आई-वडिलांना बोलावण्याची वाट कायद्याने उघडली आहे. पण आई-वडिलांचा निर्वाह आणि आरोग्य विमा यांची पक्की सोय दाखवावी लागते, आणि उतारवयात जर्मनीतला आरोग्य विमा मिळवणं हीच सगळ्यात अवघड पायरी ठरते. तो ‘डी’ प्रकारचा, दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे, त्याचा अर्ज वेगळा. इथून पुढे मी फक्त भेटीच्या व्हिसाबद्दल बोलते आहे.

तारखा उलट्या मोजा

अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. पण खरा वेळ अपॉइंटमेंट मिळण्यात जातो. एप्रिल ते जुलै हा सगळ्यांच्याच फिरण्याचा काळ, तेव्हा आठवडेच्या आठवडे तारीख मिळत नाही.

म्हणून बाळंतपणासाठी बोलावत असाल तर पाचव्या महिन्यातच कामाला लागा. त्याआधी आई-बाबांचे पासपोर्ट मागवून स्वतः पाहा. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला हवा, युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालायला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. वर्षभरात संपणार असेल तर आधी नूतनीकरण करा, कारण चांगला लांब मुदतीचा व्हिसा मिळायची वेळ आली तरी तो पासपोर्टच्या आयुष्यापलीकडे जात नाही. आईच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा) शिक्का असेल तर घाबरू नका, ती अट आखाती आणि इतर काही ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, युरोपात मुलीकडे येणाऱ्या आईसाठी नाही.

जर्मनीतल्या मुला-मुलीने करायचं काम

तुमच्याकडचा मुख्य कागद म्हणजे ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’, म्हणजे खर्चाच्या जबाबदारीचं हमीपत्र. ते तुमच्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात, आउसलेंडरबेहोर्डमध्ये, स्वतः जाऊन करायचं. फी २९ युरो. पासपोर्ट, निवास परवाना, शेवटच्या तीन महिन्यांच्या (काही शहरांत सहा) पगाराच्या स्लिपा, भाडेकरार आणि आई-बाबांच्या पासपोर्टची प्रत एवढं साधारण लागतं. तुमचा निव्वळ पगार, भाडं आणि घरात तुमच्यावर अवलंबून किती माणसं आहेत, यावरून कारकून ठरवतो की तुमची ऐपत पुरेशी आहे की नाही. या हिशेबाची मर्यादा दर वर्षी १ जुलैला बदलते, त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून चालू नका. एकाचा पगार कमी पडत असेल तर नवरा-बायकोपैकी ज्याचा जास्त त्याने सही करावी.

सही करण्याआधी त्या कागदाचा अर्थ समजून घ्या. आई-बाबांच्या राहण्याखाण्याचा, आजारपणाचा, वेळ आलीच तर परत पाठवण्याचा सरकारला झालेला खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. म्हणून विम्याचा भाग पुढे मी जरा लांबवला आहे.

हमीपत्र हातात आलं की नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि पत्ता तिथेच खिडकीसमोर उभं राहून अक्षर न् अक्षर तपासा. आमच्या सासऱ्यांच्या पासपोर्ट क्रमांकात एक अंक चुकला होता. तेव्हा लक्षात आलं म्हणून पाच मिनिटांत दुरुस्त झालं, भारतात पोचल्यावर लक्षात आलं असतं तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. मूळ कागद भारतात पाठवायचा आहे, तेव्हा कुरिअरचा वेळ धरा. व्हिसाच्या अर्जासाठी तो सहा महिनेच ग्राह्य धरतात, म्हणून फार आधीही करून ठेवू नका.

त्याच्यासोबत तुमच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याच्या दोन्ही बाजूंची प्रत, पत्ता नोंदणीचा दाखला म्हणजे मेल्डेबेशायनिगुंग, आणि एक साधं निमंत्रणपत्र पाठवा. निमंत्रणपत्र एका पानाचं पुरे: कोण येणार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कुठे राहणार, कशासाठी. बाळंतपणासाठी बोलावत असाल तर तसं स्पष्ट लिहा. ‘पर्यटन’ असं लिहून आत डॉक्टरांचं पत्र जोडलं की अधिकाऱ्याला दोन गोष्टींत मेळ दिसत नाही.

सांगलीतले कागद

आता खरी फाइल. इथे आई-बाबांचं गावाकडचं आयुष्य कागदावर दिसलं पाहिजे. त्यांच्यासोबत फोनवर एक तास बसा आणि विचारा: महिन्याला पैसे कुठून येतात, कुठे जमा होतात, तुम्ही तीन महिने नसाल तर घरी काय थांबून राहील, कोण वाट बघेल? या उत्तरांमागचा एकेक कागद शोधायचा.

पेन्शन असेल तर पेन्शन मंजुरीचा आदेश म्हणजे पीपीओ आणि पेन्शन जमा होते त्या बँक खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही घ्या. आयकर विवरणपत्र भरत असतील तर गेल्या तीन वर्षांच्या पावत्या. मुदत ठेवींच्या पावत्या जोडाच, आपल्याकडच्या आई-वडिलांची बचत बहुतेक तिथेच असते. नोकरी चालू असेल तर रजा मंजुरीचं पत्र हवं आणि त्यात परत रुजू होण्याची तारीख लिहिलेली हवी. दुकान असेल तर गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी.

शेतकरी घरांत लोकांना वाटतं, आपल्याकडे दाखवायला काही नाही. उलट सगळ्यात भक्कम कागद तिथेच असतात. सातबारा आणि आठ-अ उतारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कारखान्याचं ऊसबिल जमा झालेलं बँकेचं पान, दूध संघाच्या पगाराची नोंद. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नसेल तर तसं एका ओळीत पत्रात लिहा आणि हे कागद लावा. सातबारा मराठीत असतो, तेव्हा त्याचं इंग्रजी भाषांतर करून सोबत जोडायचं. माझ्या आईच्या दुसऱ्या फाइलमध्ये बाबांच्या नावचा अडीच एकरांचा उतारा होता, त्यावर आईचंही नाव सहहिस्सेदार म्हणून होतं, आणि पहिल्या वेळी तो कपाटात तसाच पडून राहिला होता.

जोडीपैकी एकजणच येणार असेल, तर मागे राहणारं माणूस हे परतण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं. लग्नाचा दाखला, मागे राहणाऱ्याच्या आधारची प्रत आणि दोन ओळींचं पत्र लावा. घरात म्हातारी आजी असेल, दुसऱ्या मुलाची मुलं यांच्याकडे वाढत असतील, तेही लिहा. यात लाजण्यासारखं काही नाही, आपली माणसं याच गोष्टींसाठी परत जातात.

स्टेटमेंटबद्दल एक कळकळीचं सांगणं. अर्जाच्या आठ दिवस आधी मुलाने पाच लाख टाकायचे, हा प्रकार करू नका. महिन्याला वीस हजार पेन्शन येणाऱ्या खात्यात अचानक आलेली रक्कम कोणालाही खटकते. चाळीस हजार शिल्लक असलेलं पण वर्षानुवर्षं नियमित चालणारं खातं जास्त बोलतं, खर्चाची हमी तर तुम्ही आधीच दिलेली आहे. मोठी रक्कम खरोखरच आली असेल, जमीन विकली, ठेव मोडली, तर त्याची पावती जोडा.

सगळ्यात वर अर्जदाराचं पत्र. आईचं पत्र आईने सांगावं, तुम्ही इंग्रजीत लिहावं आणि सही तिने करावी. मी कोण, कुठे राहते, घरी कोण आहे, कोणाकडे आणि किती दिवस जाते आहे, खर्च कोण करणार, परत कधी येणार आणि आल्यावर काय. एक पान. तयार नमुन्यातलं ‘महोदय, आपल्या महान देशाला भेट देण्याची इच्छा’ छापाचं पत्र रोज शेकड्याने येत असणार. ‘नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे आणि ऊसतोड सुरू होण्याआधी मला घरी पोचायचं आहे’ हे वाक्य माझ्या आईचं आहे, आणि ते तिच्याशिवाय कोणाच्याच पत्रात नसेल.

नावांचा गुंता

मराठी घरांत हमखास अडचण येते ती इथे. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पाळण्यातलं किंवा माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं बदललेलं नाव. मुलीचं लग्नानंतर आडनाव वेगळं. जर्मनीतल्या कारकुनाला ही त्याच बाईची मुलगी आहे हे कळायला मार्ग नाही.

सगळ्यात सोपा पुरावा लोक विसरतात: भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई, वडील आणि जोडीदार यांची नावं छापलेली असतात. तुमच्या पासपोर्टच्या त्या पानाची प्रत पहिल्या पानासोबत जोडा. त्यात आईचं नाव तिच्या पासपोर्टशी जुळत असेल तर निम्मं काम झालं. जुळत नसेल तर जन्मदाखला, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, आईचा लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर ते, आणि ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. अर्जात लग्नाआधीचं आडनाव विचारतात, तो रकाना कोरा सोडू नका.

विमा

शेंगेनला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. तो सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालला पाहिजे, आणि मायदेशी परत नेण्याचा खर्चही त्यात हवा. ही अट बहुतेक सगळ्या पॉलिसी पूर्ण करतात. व्हिसापुरतं तेवढं पुरतं, पण तुमच्यापुरतं नाही.

पॉलिसीचं पत्रक काढून तीन जागा वाचा. पहिली, आधीपासून असलेले आजार. बाबांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल आणि तिकडे त्यातूनच काही उद्भवलं, तर विमा कंपनी पैसे देईल का, आणि जीव धोक्यात असला तरच देईल का? दुसरी, वयानुसार मर्यादा. साठी-सत्तरीनंतर काही पॉलिसींत खोलीभाडं, अतिदक्षता, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या उपमर्यादा असतात, आणि वरचा मोठा आकडा नुसता मथळ्यात राहतो. तिसरी, प्रत्येक दाव्यात स्वतः भरायची रक्कम. जर्मन कंपन्याही पाहुण्यांसाठी विमा देतात, त्यांची तुलना करून पाहा. विम्यात आजार लपवू नका. आई-बाबांना ते नकोसं वाटतं, ‘उगाच प्रीमियम वाढेल’ म्हणतात, पण दावा फेटाळायला कंपनीला तेवढं एक कारण पुरतं.

तारखा तिकिटाला घासून घेऊ नका. पॉलिसी परतीच्या तारखेनंतर थोडे दिवस तरी चालू ठेवा. विमान चुकतं, रद्द होतं.

फॉर्म, अपॉइंटमेंट आणि केंद्रावरचा दिवस

जर्मनीचा अर्ज ‘व्हिडेक्स’ नावाच्या सरकारी ऑनलाइन फॉर्मवर भरून त्याची बारकोड असलेली प्रत छापायची. अर्ज भारतात व्हीएफएसच्या केंद्रांवर घेतले जातात, महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला. व्हीएफएस कागद आणि बोटांचे ठसे गोळा करतं, निर्णय वाणिज्य दूतावास घेतो. त्यामुळे ‘माझी आत ओळख आहे’ म्हणणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नका. अपॉइंटमेंट विकणाऱ्यांनाही नाही. रोज सकाळी-संध्याकाळी स्वतः पाहत राहिलं तर रद्द झालेल्या तारखा मोकळ्या होताना दिसतात, आम्हाला तशीच मिळाली.

फी प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५, आणि ६ वर्षांखालच्यांना काही नाही. ती रुपयांत भरायची, व्हीएफएसचं सेवाशुल्क वेगळं. नकार आला तरी फी परत मिळत नाही.

तिकीट मात्र पक्कं काढू नका, आरक्षण पुरतं. बनावट तिकीट बनवून देणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एक खोटा कागद सापडला की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, नवा, फिक्या पार्श्वभूमीवर. गावातल्या स्टुडिओत चेहरा गोरा करून देतात, तसं करू देऊ नका. ठसे दहा बोटांचे घेतात. शेतात, भांड्यांत झिजलेल्या बोटांचे ठसे पटकन उमटत नाहीत, तेव्हा आईला आधीच सांगा की चार वेळा बोटं ठेवायला लावली तरी गोंधळू नकोस. लग्नघरातून थेट जाणार असाल तर हातावर मेंदी नको. एकदा दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात.

कागद या क्रमाने लावले की खिडकीवरच्या माणसालाही सोपं जातं: अर्ज, पत्र, पासपोर्ट, विमा, विमान आरक्षण, मग हमीपत्र आणि तुमचे कागद, मग नात्याचे, आणि शेवटी त्यांचे स्वतःचे. ‘हा कागद नको’ म्हणून एखादा परत दिला तर नम्रपणे ठेवून घ्यायला सांगा. विशेषतः सातबारा. पूर्ण फाइलचा एक फोटो-संच मोबाइलमध्ये ठेवा.

दूतावासातून फोन येऊ शकतो. मुलगी कुठल्या शहरात राहते, जावई काय करतात, किती दिवस जाणार, एवढं आईला सहज सांगता यायला हवं. पाठ करून घेऊ नका, गप्पांत दोनदा विचारा.

स्टिकर हातात आल्यावर

पासपोर्ट आला की आनंदात कपाटात ठेवू नका, स्टिकर वाचा. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक ‘पासून–पर्यंत’ तारखा, आणि दुसरी मुक्कामाचे दिवस. तारखांमधलं अंतर बहुधा दिवसांपेक्षा १५ नं जास्त असतं, प्रवास पुढेमागे व्हावा म्हणून. समजा तारखा १० एप्रिल ते २३ जुलै आणि दिवस ९०, तर २३ जुलैपर्यंत राहायची मुभा नाही, राहता येतं ९० दिवसच. आमच्या ओळखीच्या एका काकांचं परतीचं तिकीट तारीख बघून काढलं होतं, दिवस बघून नाही. आठवडाभर आधी लक्षात आलं आणि तिकीट बदलायला चांगलेच पैसे गेले. जास्त राहिले असते तर दंड आणि पुढचा व्हिसा, दोन्ही अंगाशी आलं असतं.

प्रवेशांच्या रकान्यात ०१, ०२ किंवा ‘मल्ट’ (म्हणजे अनेक प्रवेश) असतं. नाव आणि पासपोर्ट क्रमांक तपासा, चूक असेल तर ताबडतोब कळवा. आणि मुदत वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका, इस्पितळात भरती होण्यासारखं खरंच मोठं कारण असेल तरच ती वाढते.

नकार आला तर

नकाराचं पत्र छापील असतं, त्यात कारणांपुढे खुणा असतात. ‘परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका’ ही खूण आईच्या पत्रावर होती. ती वाचून ती दोन दिवस नीट जेवली नाही, तिला वाटलं आपल्याला खोटं ठरवलं. आधी आई-बाबांना हे समजवा की शिक्का माणसावर नाही, फाइलवर आहे.

पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज मोफत करता यायचा. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने तो मार्ग जगभर बंद केला. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात एका महिन्यात दावा करणं किंवा नवा अर्ज करणं, हेच दोन पर्याय. भेटीच्या व्हिसासाठी मी नवा अर्ज सुचवेन. लगेच करता येतो, पण तीच फाइल पुन्हा देऊ नका. नव्या पत्रात आधीचा नकार स्वतःहून सांगा, त्यांच्याकडे नोंद असतेच, आणि ज्या कारणावर खूण होती त्याला उत्तर देणारे नवे कागद पुढे लावा. आम्ही सातबारा, बाबांचं पत्र, पेन्शनचं खातं आणि आईचं ते एक पान लावलं. बाकी सगळं तेच होतं.

विमानतळ आणि बॅग

हातातल्या पिशवीत हमीपत्र, निमंत्रण, विमा, परतीचं तिकीट आणि तुमचा फोन नंबर कागदावर लिहून. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने ‘ईईएस’ ही नोंदणी यंत्रणा आली आहे. तिथे चेहऱ्याचा फोटो घेतात आणि येण्या-जाण्याची नोंद शिक्क्याऐवजी संगणकात होते. दिवस आता यंत्र मोजतं. पहिल्यांदा येणाऱ्यांना रांगेत वेळ लागू शकतो, तेव्हा पुढच्या विमानाला दोन-अडीच तासांचं अंतर ठेवा. गुडघे दुखत असतील तर तिकिटासोबतच व्हीलचेअर सांगून ठेवा. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला आत-बाहेरच्या वाटा माहीत असतात आणि भाषेचीही सोबत होते.

सामानात तूप, पेढे, खवा नको. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. हापूसची पेटीही नको आणि कढीपत्ताही नको, बहुतेक ताजी फळं-पानं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. नारळ आणि खजूर चालतात. आई तुपाचा डबा सोडायला तयार नव्हती. शेवटी तिने इथलं बिनमिठाचं लोणी आणून माझ्या स्वयंपाकघरात कढवलं, आणि आता दर महिन्याला मी तेच करते. औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. औषधाच्या ब्रँडच्या नावाऐवजी त्यातल्या घटकाचं नाव चिठ्ठीत असेल तर जर्मन डॉक्टरला कळतं.

तीन महिन्यांच्या आत परत जाणाऱ्या पाहुण्यांना जर्मनीत पत्ता नोंदवावा लागत नाही. नोव्हेंबरात इकडे असणार असतील तर हयातीच्या दाखल्याची सोय निघण्याआधी बँकेत विचारून ठेवा, नाहीतर पेन्शन अडकते.

परत पोचल्यावर बोर्डिंग पास फेकू देऊ नका. १८ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे: गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा. ९० दिवसांची मर्यादा मात्र तशीच राहते. आई २०२२ च्या ऑक्टोबरात आली, मग २०२४ मध्ये. २०२५ च्या उन्हाळ्यात तिसरा अर्ज केला तेव्हा आधीच्या दोन्ही व्हिसांच्या पानांच्या प्रती आणि वेळेत परतल्याचे बोर्डिंग पास आम्ही सगळ्यात वर ठेवले. या वेळी दोन वर्षांचा आला. मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला पुरणपोळ्या तिने लाटल्या, आणि ऊसतोडीच्या आधी, ठरल्या तारखेला, ती सांगलीला गेली.